'ळ'वरून गाणे

आखाजीची दुपार होती. बाहेर खान्देशातले वैशाखातले ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आमरस आणि मांड्यांचे जेवण उरकून घरातली सगळी मंडळी पुढच्या खोलीत सतरंजीवर पसरली होती. माहेरी आलेल्या बहिणी, त्यांची मुले, आमची मुले आणि भिंतीला टेकून बसलेली आई. अशातच वीज गेली. कूलर थांबला, टीव्ही थांबला, आणि मुलांपैकी कोणीतरी म्हणाले, "चला, भेंड्या लावू."

दोन बाजू पडल्या. एकीकडे शाळा-कॉलेजातली मुले, दुसरीकडे आमची पिढी आणि आई. मला पंच केले. खेळ चांगला रंगात आला असताना मुलांनी एक गाणे 'आभाळ' या शब्दावर आणून सोडले. झाले, 'ळ' आला. घरोघरी नियम असा की 'ळ' आला तर 'ल' घ्यायचा, 'ण' आला तर 'न' घ्यायचा. पण 'ल'ची सगळी गाणी मघाशीच संपली होती. मुले मोठमोठ्याने आकडे मोजू लागली. तेवढ्यात आई म्हणाली, "आमना गावमा आभाय म्हनतस."

म्हणजे शेवटचे अक्षर 'ळ' नव्हेच, 'य'. आणि तिने 'य'वरून एक गाणे सुरू केले. धुळे तालुक्यातल्या तिच्या माहेरच्या खेड्यातले, आखाजीला झोक्यावर बसून म्हणायचे. दोनच ओळी झाल्या असतील. भाच्याने विचारले, "आजी, हे कोणत्या पिक्चरमधलं?" सगळे हसले. आईही हसली, आणि थांबली. पंच म्हणून मी निकाल दिला: 'ळ'चा 'य' होत नाही, शिवाय हे गाणे कोणाला माहीत नाही, तेव्हा भेंडी चढली.

पुढच्या आखाजीला आई नव्हती. त्या गाण्याच्या पुढच्या ओळी आता घरात कोणालाच येत नाहीत. पहिल्या दोन ओळीही धड आठवत नाहीत. आठवतो तो फक्त 'य'. माझा त्या दिवशीचा निकाल चुकला होता. तो कसा चुकला आणि तसे निकाल आपण घरोघरी कसे देत असतो, याबद्दल आज थोडे बोलायचे आहे.

दोन शहरे, एक अक्षर

जळगाव आणि धुळे ही खान्देशातली दोन मोठी शहरे. १९०६ साली जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे मुख्य ठिकाण जळगाव झाले, पश्चिमेचे धुळे. दोन्ही नावांत 'ळ' आहे. भुसावळ, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव, सगळीकडे 'ळ'. हे अक्षर वगळून खान्देशचा नकाशा वाचताच येणार नाही. आणि तरीही या अक्षराने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. शब्द नाही म्हणून गाणे नाही, आणि गाणे नाही म्हणून भेंडी चढते.

'ळ' हे अक्षर काही आजचे नव्हे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेतील दुसऱ्या शब्दात ते आहे. पुढच्या अभिजात संस्कृतातून ते गेले. आजच्या प्रमाण हिंदीत ते नाही. मराठीने मात्र ते जिवापाड जपले. आपले किती लाडके शब्द या अक्षरावर येऊन थांबतात ते पाहा: बाळ, सकाळ, आभाळ, वेळ, ओंजळ, तुळस म्हणताना मध्येच येतो तोही 'ळ'च. शब्दाच्या शेवटी आणि मध्ये त्याला मान, आरंभाला मात्र जागा नाही. 'ण'चेही तसेच. आठवण, अंगण, श्रावण, क्षण हे शब्द गाण्यात पदोपदी येतात, पण 'ण'ने गाणे सुरू करायचे म्हटले तर मराठी माणूस गप्प. प्राकृतात ती अडचण नव्हती. शेजारच्या जैन घरातले एखादे मूल खेळात असेल आणि णमोकार मंत्र चालवून घ्यायचे ठरले तर ते 'ण'वर एका क्षणात सुटेल, कारण तो मंत्र प्राकृतात आहे आणि त्याचा पहिला उच्चारच 'ण'चा आहे.

आता खान्देशच्या बोलींकडे या. अहिराणीत डोळ्याला 'डोया' म्हणतात, काळ्याला 'काया', फळाला 'फय'. धुळ्याचे 'धुये' होते आणि जळगावचे 'जयगाव'. 'ण'चा 'न' होतो. पाणी म्हणजे 'पानी', कोण म्हणजे 'कोन'. म्हणजे प्रमाण मराठीला भेंड्यांत अडवणारी जी दोन अक्षरे, ती अहिराणी बोलणाऱ्याला अडवतच नाहीत. एकाचा 'य' झाला, दुसऱ्याचा 'न'. इतकेच नव्हे, ओळी ज्या अक्षरावर संपतात तीही बदलतात. मराठीत 'चा, ची, चे' येते तिथे अहिराणीत 'ना, नी, नं' येते. आपण 'आहे' म्हणतो तिथे 'शे' म्हणतात. मराठी गाणे जिथे 'ह' देईल तिथे अहिराणी गाणे 'श' देईल. खेळ तोच, पण पुढच्या माणसाच्या हाती येणारे अक्षर वेगळे.

जळगाव-भुसावळ-यावल भागातली लेवा गणबोली ही अहिराणीहून वेगळी. बहिणाबाई चौधरींची भाषा ती. पण 'ळ' आणि 'ण' यांच्या बाबतीत दोघी एकाच माहेरच्या. बहिणाबाईंच्या कवितांची नुसती नावे पाहा: 'पेरनी', 'कापनी', 'रगडनी', 'उपननी'. पुस्तकी मराठीत ही सगळी 'णी'वर संपली असती.

तेव्हा आईने त्या दुपारी नियम मोडला नव्हता, तिच्या भाषेचा नियम पाळला होता. 'ळ'चा 'ल' करणे ही आम्ही केलेली तडजोड होती. 'ळ'चा 'य' करणे ही तडजोडच नव्हती. तिच्या तोंडी शब्दच तसा होता.

जपानी मुलांची शिरितोरी

अक्षरावर असे अडून बसणारे आपणच नव्हेत. जपानी मुले 'शिरितोरी' नावाचा खेळ खेळतात. नावाचा अर्थच 'शेवट पकडणे' असा आहे. एकाने शब्द सांगायचा, त्याच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्याने पुढचा. कोणी हाच खेळ गाण्यांच्या नावांवर खेळतात. त्यांचाही एक 'ळ' आहे: शब्दाच्या शेवटी येणारा 'न्'. जपानी लिपीत त्याला स्वतंत्र अक्षर आहे, पण त्याने सुरू होणारा शब्द रूढ जपानीत नाही. आपण निदान 'ळ'चा 'ल' करून घेतो. शिरितोरीत ती दया नाही. जो 'न्'वर संपणारा शब्द सांगेल तो तिथेच बाद. 'र'च्या ओळीतली अक्षरेही तिथे कठीण, कारण मूळ जपानी शब्द 'र'ने सुरू होत नाहीत. मग मुरलेले खेळाडू मुद्दाम 'रु'वर संपणारे शब्द देऊन समोरच्याला जेरीस आणतात. आपल्याकडे 'ठ' आणि 'ढ' देऊन छळणारी मावसभावंडे प्रत्येक घरात असतात, त्यांना हे वाचून आनंद होईल.

कराओकेचा जन्म जपानमधला, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचा. तिथल्या गाण्यांच्या जाडजूड याद्या 'आ, इ, उ, ए, ओ' या क्रमाने लावलेल्या असत. आता त्या यंत्राच्या पडद्यावर गेल्या आहेत. क्यू साकामोतो या गायकाचे १९६१ चे एक गाणे १९६३ साली 'सुकियाकी' या नावाने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. यादीत ते 'स'मध्ये शोधाल तर सापडणार नाही, कारण त्याचे मूळ जपानी नाव 'उ'ने सुरू होते. गंमत म्हणजे या यादीचा क्रम आपल्याला परका नाही. जपानी अक्षरांचा हा क्रम बौद्ध भिक्षूंनी संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून बसवला. स्वर आधी, मग 'क'ची ओळ, शेवटाकडे 'य' आणि 'र'. आपल्या पाटीवरची बाराखडी तिकडे समुद्रापार गेलेली आहे.

पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा दुसरा खेळ. तेराव्या शतकात फुजिवारा नो तेइका या कवीने शंभर कवींची एकेक कविता निवडून एक संग्रह केला. पुढे त्या कवितांचे पत्ते झाले. नवीन वर्षाच्या सुमारास घरोघरी हे पत्ते जमिनीवर पसरतात. एक जण कविता वाचू लागतो, आणि तिचा उत्तरार्ध ज्या पत्त्यावर लिहिला आहे तो आधी उचलेल त्याचा पत्ता. त्या शंभरांत सात कविता अशा आहेत की पहिले अक्षर ऐकताच ओळखाव्यात, कारण त्या अक्षराने सुरू होणारी दुसरी कविताच संचात नाही. ती अक्षरे मु, सु, मे, फु, सा, हो, से. शिकणारी मुले ही सात अक्षरे एका शब्दासारखी पाठ करतात.

सुमारे आठशे वर्षांपूर्वी निवडलेल्या कविता आजच्या शाळकरी मुलाच्या तोंडी आहेत. अभ्यासाचा धाक त्याला एकटा पुरला नसता. खेळाने त्या कवितांना जागा दिली, म्हणून त्या राहिल्या. खेळाने ज्यांना जागा दिली नाही त्यांचे काय झाले असेल, हा प्रश्न मग आपल्या घरापाशी येऊन थांबतो.

भेंड्यांत काय काय मावत होते

भेंड्या म्हणजे सिनेमाची गाणी, असे आजच्या मुलांना वाटते. त्यात त्यांचा दोष नाही. पण हा खेळ सिनेमाहून फार जुना आहे. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत 'प्रतिमाला' नावाची कला आहे. टीकाकाराने तिचा अर्थ अंत्याक्षरी असाच सांगितला आहे. मराठी घरांत श्लोकांच्या भेंड्या लागत. रामदासांच्या मनाच्या श्लोकांत दोनशे पाच श्लोक आहेत. ज्याला ते सगळे येत त्याच्यापुढे कोणी टिकत नसे. मोरोपंतांच्या आर्या, तुकोबांचे अभंग, शाळेच्या पुस्तकातल्या कविता, सगळे चालत असे. उर्दू घरांत आणि शाळांत शेरांची बैतबाजी चालते, तीही याच कुळातली.

शाळेच्या कवितांवरून आठवले. धरणगावला १८९० साली जन्मलेले बालकवी ठोंबरे हे आपल्याच मातीतले. त्यांची 'औदुंबर' ही आठ ओळींची कविता ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. भेंड्यांच्या दृष्टीने ही कविता म्हणजे गुप्तधन आहे. नाव 'औ'ने सुरू होते आणि कवितेची पहिली ओळ 'ऐ'ने! एका कवितेत दोन दुर्मीळ स्वर. अक्षरांच्या क्रमाने 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत गाणी म्हणण्याचा खेळ कधी लावलात, तर बालकवी किती उपयोगी पडतात ते कळेल. बाकीची मंडळी डोके खाजवत बसतील.

१९९३ साली झी टीव्हीवर अन्नू कपूर यांची 'अंताक्षरी' सुरू झाली. तो कार्यक्रम आपण सगळ्यांनी आवडीने पाहिला आणि त्यामुळे हा घरगुती खेळ पुन्हा जोरात आला, हे नाकारू नये. पण त्याबरोबर एक अलिखित नियमही घरात शिरला. गाणे म्हणजे ज्याला सिनेमा आहे, गायक आहे, ज्याची तबकडी किंवा कॅसेट निघाली आहे ते. हळूहळू श्लोक गेले, अभंग गेले, कविता गेल्या. ओव्या तर आधीच गेल्या होत्या, कारण जाते गेले होते. "कोणत्या पिक्चरमधलं?" हा भाच्याचा प्रश्न तिथून आला. तो खोडसाळ नव्हता. गाणे खरे आहे की नाही हे ठरवण्याचे त्याच्याजवळ तेवढे एकच माप होते.

आणि हे माप किती तोकडे आहे याचा पुरावा जळगावातच आहे. बहिणाबाईंची गाणी १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात आली आणि महाराष्ट्रभर गेली. त्यानंतर ती भेंड्यांत बेधडक चालू लागली, आजही चालतात. पण हीच गाणी त्याआधी बहिणाबाई स्वतः जात्यावर म्हणत होत्या. त्या काळी त्या आपल्या खेळात येऊन बसल्या असत्या, तर आपण त्यांना विचारले असते, कोणत्या पिक्चरमधले? आणि त्यांच्यावर भेंडी चढवली असती.

म्हणणारा एक, लिहिणारा दुसरा

बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्या गाणी रचत आणि म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि मावसभाऊ पितांबर यांनी त्यांतली काही उतरून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या. १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. २०१८ साली ते दिले गेले. पण या सगळ्याच्या मुळाशी काय आहे? घरातली एक बाई म्हणत होती आणि घरातल्याच दोन मुलांनी ते कागदावर उतरवले. उतरवले नसते तर विद्यापीठाला द्यायला नाव राहिले नसते. आणि जे उतरवायचे राहून गेले ते गेलेच.

धुळ्यातही असेच घडले आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. फेब्रुवारी ते जून या काळात अठरा रविवार त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर सांगितले. सानेगुरुजी त्याच तुरुंगात होते. त्यांनी ते सगळे लिहून घेतले, म्हणून 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या याच सानेगुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या जमवल्या आणि 'स्त्री जीवन' या नावाने छापल्या. जात्यावरची ओवी म्हणजे वाङ्मय, हे त्यांना कोणी पटवून द्यावे लागले नाही. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देवांनी गावोगावच्या मठांतून रामदासी बाडे गोळा केली. ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात १९२६ च्या अखेरीस वारले आणि त्यांनी आयुष्यभर जमवलेल्या कागदांसाठी १९२७ साली तिथे संशोधन मंडळ उभे राहिले.

म्हणणारा एक आणि लिहिणारा दुसरा, ही खान्देशची जुनी रीत आहे. तिच्यासाठी मोठी संस्था दर वेळी लागतेच असे नाही. सोपानदेवांकडे आई होती आणि कागद होता.

आकडेही थोडे पाहू. जनगणनेत अहिराणी 'खान्देशी' या नावाखाली धरली जाते. २००१ साली ती मातृभाषा म्हणून सांगणारे देशभरात सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ साली ते सुमारे १८ लाख ६० हजार झाले. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि हा आकडा दोन लाखांहून अधिक उतरला. बोलणारे कमी झाले की विचारल्यावर सांगणारे कमी झाले, हा वेगळा प्रश्न. पण पाहुणा आला की अहिराणी गिळून पुस्तकी मराठी बोलणारी घरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. माझेही त्यांतलेच. आईने आमच्याशी अहिराणीत बोलू नये, आमची भाषा 'बिघडेल', असे आम्हीच तिला सुचवले होते. ती बिचारी ऐकतही असे. त्या दुपारी 'आभाय' तिच्या तोंडून निसटले, इतकेच.

काही आक्षेप

आता कोणी म्हणेल, अहिराणी गाण्यांना काय कमी आहे? लग्नाच्या वरातीत तीच वाजतात, मोबाइलवर तरुण पोरे तीच ऐकतात. खरे आहे, आणि ही आनंदाची गोष्ट आहे. त्या गाण्यांमुळे कॉलेजातल्या मुलाला आपली बोली चारचौघांत बोलण्याचा संकोच कमी वाटत असेल, तर त्या गाण्यांचे उपकारच मानले पाहिजेत. पण वरातीतले गाणे वेगळे आणि झोक्यावरचे वेगळे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. तेव्हा रात्र जागवताना म्हणायची गाणी, रोटांच्या वेळची, हळदीची, आखाजीला गौराईपुढची, ही गाणी कोणी बाजारासाठी केलेली नाहीत. ती एका गावाहून दुसऱ्या गावात सुनांच्या पदरातून गेली. एकेका गावाची चाल वेगळी. ती ज्यांना येतात त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

दुसरा आक्षेप खेळाचा आहे आणि तो मुलेच घेतील. जे गाणे कोणालाच ठाऊक नाही ते चालवून घेतले तर आजी मनाने रचून म्हणेल, मग पकडायचे कसे? आक्षेप रास्त आहे. आमच्या लहानपणीही मनाने ओळी जुळवून भेंडी चुकवणारे महाभाग होते. पण विचार करा, ऐंशी वर्षांच्या बाईने बसल्या जागी 'य'वरून चालीत गाणे रचले, तर तिच्यावर भेंडी चढवायची की तिचे गाणे लिहून घ्यायचे? जात्यावरचा कायदा तोच होता. दळता दळता सुचेल ते म्हणायचे. बहिणाबाईंनी दुसरे काय केले?

तिसरा आक्षेप आई-वडिलांचा. 'आभाळ'चे 'आभाय' चालवून घेतले तर पोर परीक्षेत तसेच लिहील. मला वाटते, आपण मुलांना उगीच कमी लेखतो. शाळेत एक भाषा, गल्लीत दुसरी, टीव्हीवर तिसरी हे सांभाळणारी मुले चौथीही सांभाळतील. उलट 'ळ'चा 'य' कुठे होतो आणि 'ण'चा 'न' कुठे होतो, हे खेळता खेळता ज्याच्या कानावर पडले, त्याला शुद्धलेखनातला 'ळ' अधिक नीट दिसेल. भाषा कशी चालते याचा तो पहिलाच धडा, आणि तोही बिनफीचा.

आमचे नवे नियम

आमच्या घरी आता भेंड्यांचे नियम थोडे बदलले आहेत. 'ळ' आला तर 'ल' चालेल, आणि 'य'ही चालेल. गाणे कोणत्याही भाषेतले चालेल: मराठी, हिंदी, अहिराणी, लेवा, गुजराती, मारवाडी. जे गाणे दुसऱ्या कोणाला येत नसेल त्याचे निदान ध्रुपद पूर्ण म्हणायचे. आणि जो ते म्हणेल त्याला भेंडी नाही, उलट एक गुण जास्त. कारण जे गाणे एकालाच येते त्याला सगळ्यांत अधिक धोका असतो.

एक दोनशे पानी वही केली आहे. एकेका अक्षराला काही पाने. पहिल्या अक्षराखाली गाणे लिहायचे, ते कोणी म्हटले, त्यांचे माहेर कोणते, आणि ते कोणत्या कामाच्या वा सणाच्या वेळचे, हे शेजारी टिपायचे. हल्ली मोबाइलवर आवाज घेता येतो, तोही घ्यावा. चाल कागदावर उतरत नाही. पण नुसता आवाज घेऊन थांबू नये. घाईत म्हटलेला शब्द पुढे कोणाला लागत नाही, आणि तो सांगणारे माणूस तोवर असेलच असे नाही. लिहिताना बोली 'सुधारू' नये, हे मुलांना सांगून ठेवले आहे. 'पानी' म्हटले तर 'पानी'च लिहायचे.

वहीत अजून फार काही नाही. 'क'ची आणि 'म'ची पाने लवकर भरतात. शेजारच्या एका मावशींनी कानबाईची चार गाणी दिली. आधी त्या लाजल्या, "हे काय गाणं आहे का?" म्हणाल्या, मग थांबेनात. भाचा आता कॉलेजात आहे. वही त्याच्याकडे असते. 'य'च्या पानावर त्याने पहिल्या दोन ओळींची जागा मोकळी सोडली आहे. त्या गावी अजून आईच्या वयाच्या एक-दोघी आहेत असे कळले आहे. येत्या सुटीत तो आणि मी जाऊन येणार आहोत. गाणे मिळेलच असे नाही.

आज रविवार आहे. विनोबा असेच रविवारी सांगत होते आणि गुरुजी लिहून घेत होते. आपल्या घरात किंवा शेजारी कोणी म्हातारे माणूस असेल तर दुपारी त्यांना भेंड्यांना बसवा. ती मंडळी 'ळ'वर अडली तर घाईने आकडे मोजू नका, थोडे थांबा. त्यांच्या गावी त्या अक्षराला काय म्हणतात ते विचारा, आणि शेजारी वही ठेवा.